जाळीतून येणारे पाहुणे

आमच्या वसाहतीत ‘पाहुणे’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक सगळीकडे असतो तोच. दुसरा फक्त आमचा. जोराचा पाऊस झाला की आमची ड्रेनेजची लाइन भरते, आणि सगळ्यात खालच्या घराच्या बाथरूममध्ये, फरशीतल्या जाळीतून, सबंध वसाहतीचं जे काही असतं ते वर येतं. ते म्हणजे पाहुणे.

हा अर्थ त्या खालच्या घरातल्या वहिनींनीच दिला. वहिनींचं माहेर केळव्याचं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, घरात त्या आणि त्यांचा मुलगा. पहिल्यांदा हा प्रकार झाला तेव्हा त्या मागच्या गल्लीत एका बारशाला गेल्या होत्या. मुलाने घाबरून फोन केला. भोवती काठपदराच्या साड्या, पेढे, पाळणा. अशात काय आलंय ते फोनवर उच्चारणार कसं? त्या मोठ्याने म्हणाल्या, “काय, पावणे आले? बरं बरं. दार लावून घे, मी आलेच.” बाळाची आजी म्हणाली, “अगं, त्यांनाही इकडेच घेऊन ये की जेवायला.”

पुढे शब्द रुळला. ग्रुपवर ‘पाहुणे उंबऱ्याशी’, ‘पाहुणे ओसरले’ असे निरोप पडू लागले. आमचे अध्यक्ष वीज प्रकल्पातून निवृत्त झालेले, त्यांना कुठल्याही गोष्टीचा आराखडा करायला आवडतं. त्यांनी ग्रामपंचायतीला अर्ज केला, ‘पावसाळ्यातील पाहुण्यांचा कायमस्वरूपी बंदोबस्त करणेबाबत’. उत्तर आलं, की पाहुण्यांची सोय, मंडप व खुर्च्या ग्रामपंचायतीकडून पुरवल्या जात नाहीत.

मी या वसाहतीचा सचिव. सचिव मला केलं ते मी बोलत नाही म्हणून. सभेत सगळे एकमेकांवर ओरडत असताना मी खाली बघत बसतो, आणि न बोलणारा माणूस विचार करत असणार अशी आपल्याकडे समजूत आहे. माझ्या डोक्यात त्या वेळी एकच गोष्ट असायची. माझ्या गच्चीचा पाइप.

ते आता सांगूनच टाकतो. मागच्या अंगणात फरशी घालण्याआधी गच्चीचं पाणी पाइपातून धो धो पडून आमच्या ओट्यावर साचायचं. बायकोच्या मोगऱ्याच्या कुंड्या तरंगायच्या. फरशी घालायला आलेला कारागीर म्हणाला, “साब, ये पाइप सीधा चेंबर में छोड़ देता हूँ. ऊपर से फर्शी. किसी को दिखेगा भी नहीं.” मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. कामगार लोकांत गप्प बसणं म्हणजे मंजुरी हे मला पक्कं ठाऊक होतं, कारखान्यात माझी अर्धी नोकरी त्याच्यावरच चालते. संध्याकाळी बघतो तर पाइप फरशीच्या पोटात गडप. त्या पावसाळ्यात आमचा ओटा कोरडा राहिला, मोगरा बहरला, आणि वहिनींकडे पाहुणे आले.

आमची घरं उतारावर एका ओळीत आहेत. सगळ्यांच्या मागून एकच लाइन जाते, ती खाली नाल्याजवळच्या टाकीला मिळते. लाइन आहे ती घरातल्या सांडपाण्यापुरती. तिच्यात गच्चीवरचा पाऊस कोंबला तर ती फुगणार, आणि जिथे सगळ्यात खाली भोक असेल तिथून उसळणार. सगळ्यात खाली वहिनींची जाळी. इतकं साधं आहे. कळायला विज्ञान लागत नाही, फक्त स्वतःच्या ओट्यावरून नजर उचलावी लागते.

मला कळलं होतं, म्हणून मी भलताच चांगला वागू लागलो. पाहुणे आले की ब्लीचिंग पावडरचा डबा घेऊन पहिला मी धावायचो. गमबूट घालून झाडूने पाणी मी लोटायचो. वहिनी म्हणायच्या, “भावजी, तुमच्यासारका माणूस नाय बगितला.” आणि माहेरच्या वाडीतली शहाळी पाठवायच्या. ती शहाळी मी प्यालो आहे. स्ट्रॉ लावून.

मध्ये एकदा अध्यक्षांनी ओळखीने पालघरहून एक इंजिनियर बोलावले. त्यांनी झाकणं उघडून पाहिली आणि विचारलं, “उन्हाळ्यात तुंबतं?”

“छे.”

“मग तुमच्या लाइनीत पाऊस शिरतोय. तो कुठून शिरतो ते शोधा आणि बंद करा. मोठ्या पाइपचं, पंपाचं नंतर बघू.”

सभेला हे अजिबात आवडलं नाही. ज्या योजनेचं उद्घाटन करता येत नाही ती कसली योजना? अध्यक्षांच्या मनात एक साठवण टाकी होती, तिच्यावर एक पाटी होती, पाटीवर कोणाचं तरी नाव होतं. इंजिनियर म्हणाले, एकेका गच्चीवर रंगाचं पाणी ओता, कुठल्या गच्चीचा रंग चेंबरात उतरतो ते लगेच दिसेल. आणि तेव्हा मी, सबंध कारकिर्दीत पहिल्यांदा, सभेत बोललो. म्हणालो, “आपली टाकी भरली की नाल्यात जाते. आपल्या बोईसरात नाल्याला रंग दिसला तर लोक काय म्हणतील? उद्या सगळं गाव कारखान्यांच्या दारात जाऊन बसेल.”

सभा गार झाली. नाल्याचा रंग हा आमच्याकडे, कारखान्यांच्या गावात, थट्टेचा विषय नाही. अध्यक्ष म्हणाले, “बघा. बोलत नाहीत, पण बोलले की असं बोलतात.” रंगाची चाचणी रद्द झाली. माझ्या अभिनंदनाचा ठराव झाला. तो सचिव म्हणून मलाच लिहावा लागला.

एवढ्यावर हे अजून कितीही वर्षं चाललं असतं. पण वहिनींचा मुलगा लग्नाचा होऊन गेला होता. होऊन गेला म्हणजे वय उलटत चाललं होतं. मुलगा शांत, निर्व्यसनी, तारापूरच्या कारखान्यात कायम. पण हल्ली मुलगा नंतर बघतात, आधी घर बघतात. एका स्थळाने पावसाळ्यात येऊन बाथरूमचं दार उघडलं आणि ती माणसं चहाला न थांबता गेली. दुसऱ्यांना कोणीतरी आधीच सांगितलं. वहिनी ओट्यावर बसून म्हणाल्या होत्या, “भावजी, यंदा पण नाय जमला तर मी घर इकून केळव्याला जाणार. पोराला म्हणीन, तू रूम घेऊन ऱ्हा.” मी मान हलवली. मला वाटतं, त्यांना वाटलं मी सहानुभूतीने हलवली.

श्रावणातला तो रविवार. सकाळपासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. दुपारी ग्रुपवर वहिनींचा आवाज आला, दबक्या, घाईच्या सुरात: “पावणे आले! भावजी, तुमी आदी या, लवकर!”

झालं असं होतं, की एडवणचं स्थळ आलं होतं. दृष्ट लागू नये म्हणून वहिनींनी कोणाला सांगितलं नव्हतं. घरात मोठं पुरुष माणूस नाही, चार शब्द बोलायला कोणीतरी हवं, म्हणून त्यांनी मला निरोप केला. चार शब्द बोलायला मला! आणि तो चुकून ग्रुपवर पडला.

सगळी वसाहत निघाली. मी गमबूट घातले, ब्लीचिंगचा डबा घेतला. बायकोने फिनेल घेतलं. अध्यक्ष लाइनीत घालायचा लांबलचक बांबू घेऊन आले, डोक्याला प्लास्टिकची पिशवी. आम्ही नेहमीप्रमाणे मागच्या दाराने आत घुसलो. अध्यक्ष आधी स्वयंपाकघरातूनच ओरडले, “वहिनी, किती आलेत?”

बाहेरच्या खोलीतून एक अनोळखी भारदस्त आवाज आला, “पाच जण हाव.”

अध्यक्षांना वाटलं कोणीतरी थट्टा करतंय. “थट्टा नको! कुठून आलेत ते सांगा!”

“एडवणवरनं.”

“आधी त्यांना बाहेर काढा! पुढच्या दाराने नका काढू, सगळं घर भरेल. मागून ढकला!”

आणि बांबू पुढे करून अध्यक्ष हॉलमध्ये शिरले. मागोमाग आम्ही. समोर सोफ्यावर पाच माणसं, प्रत्येकाच्या हातात पोह्यांची बशी. वहिनी नव्या साडीत, चेहरा पांढराफटक. मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात, जणू तोच भिंतीवर टांगलेला. बांबूचं टोक मुलीच्या वडिलांच्या बशीपासून हातभर अंतरावर थांबलं.

माझ्या बायकोने फिनेलची बाटली पदराखाली घेतली आणि म्हणाली, “या, या. कसा झाला प्रवास?”

“हे कोण?” मुलीच्या वडिलांनी विचारलं.

“शेजारी,” वहिनी म्हणाल्या. “फार मायाळू हायत. बगायला आले.”

“बांबू घेऊन?”

अध्यक्ष म्हणाले, “लाइटची वायर लोंबकळत होती.” कोणी वर पाहू नये म्हणून लगेच पुढे म्हणाले, “आता नाही लोंबकळत.”

तेवढ्यात बाथरूममधून आवाज आला. आमच्या वसाहतीत तो आवाज झोपेतही ओळखतात. आधी घोट गिळल्यासारखा, मग ढेकर, मग सावकाश घळघळ. वास त्याच्यापाठोपाठ, रीतसर, मानाने.

सोफ्यावरची मुलगी उठली. ती पालघरला एका लॅबमध्ये कामाला आहे हे आम्हाला नंतर कळलं. तिने जाऊन बाथरूमचं दार उघडलं, आत पाहिलं, आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, “अहो, हा तर गू आहे.”

इतकी वर्षं आम्ही सभा घेतल्या, अर्ज केले, ठराव केले, पण हा शब्द आमच्या तोंडून निघाला नव्हता. अध्यक्षांनी डोळे मिटले. माझ्या बायकोने “अगं बाई” म्हटलं. मला मात्र वहिनींकडे बघताना वाटलं, त्यांचे खांदे थोडे खाली आले. बाईला इतकी वर्षं घाण उपसून वर त्या घाणीलाच पाहुण्यांचा मान द्यावा लागत होता.

“हे नेहमीचा हाय?” वडिलांनी विचारलं.

“पहिल्यांदाच!” अध्यक्ष म्हणाले.

“मग सगळ्यांनी गमबूट कसे घातले?” मुलगी म्हणाली.

मग अध्यक्षांनी तोंडातून जे काढलं ते आठवलं की मी अजूनही रात्री कूस बदलतो. “त्याचं काय आहे, वहिनींचं बाथरूमच मुळात खोल बांधलंय. त्यांच्या घराचाच दोष आहे. बाकी वसाहत उत्तम.”

वहिनी खाली बघत होत्या. मुलगाही. मुलीच्या काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, आणि बशी अशी खाली ठेवली की माणसं पाठोपाठ उठतात.

“माझ्यामुळे येतं,” मी म्हणालो.

आवाज इतका बारीक निघाला की परत म्हणावं लागलं. “ते माझ्यामुळे येतं. माझ्या गच्चीचा पाइप चेंबरात सोडलाय. फरशीखालून. मला पहिल्यापासून माहीत आहे.”

मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. कोणी विश्वासच ठेवला नाही. अध्यक्ष पाहुण्यांना म्हणाले, “मोठं मन आहे त्यांचं. दुसऱ्याचा दोष अंगावर घेतात.” बायको म्हणाली, “अहो, बीपीची गोळी घेतलीत का सकाळी?” वहिनी तर रडायलाच लागल्या, “बगा ओ, माझ्या पोरासाटी कवडा खोटा बोलतात!”

आयुष्यभर गप्प बसून मी कमावलेली अब्रू माझ्याच आड आली. शेवटी म्हणालो, “चला, दाखवतो.”

मग ती वरात निघाली. पावसात, छत्र्या घेऊन, पुढे मी, मागे मुलीचे वडील, काका, मुलगी, मुलगा, आणि बांबू अजून हातातच असलेले अध्यक्ष. माझ्या मागच्या अंगणात मी करवत आणली आणि फरशीत शिरणारा पाइप वीतभर वरून कापायला घेतला. प्लास्टिकचा पाइप, आतून भरून वाहणारा. कापता कापता तो अचानक सुटला आणि सबंध गच्चीचा पाऊस एका धारेने अध्यक्षांच्या छातीवर आला. ते दोन पावलं मागे सरकून मोगऱ्याच्या कुंडीत बसले. मुलीच्या वडिलांनी खाली वाकून फरशीच्या भोकात पाहिलं. “चेंबरातच जाते की,” ते म्हणाले. पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

वहिनींनी आपल्या घरातून ओरडून सांगितलं, “कमी झाला! पण येतोय अजून!”

मुलगी तोवर छत्री वर करून बाकीची घरं बघत होती. प्रत्येक गच्चीवरून एक पाइप खाली येत होता आणि अंगणातल्या फरशीत नाहीसा होत होता. एकाही पाइपाचं तोंड कुठे उघड्यावर दिसत नव्हतं. मी इतकी वर्षं स्वतःच्याच पाइपाकडे बघत होतो, माझं तिकडे कधी लक्षच गेलं नाही.

“काका, तुमचं पाणी कुठे जातं?” तिने अध्यक्षांना विचारलं.

“जमिनीत.”

“जमिनीत कुठे?”

“खोल,” कुंडीतून अध्यक्ष म्हणाले.

परत आल्यावर वडील चपला घालत म्हणाले, “कळवतो.” कळवतो म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं. वहिनींनी नारळ हातात दिले, तेही त्यांनी नको नको म्हणत घेतले. पण मुलगी दारात थांबली. मुलाशी ती तोवर एक शब्दही बोलली नव्हती. म्हणाली, “मी आले होते मुलगा बघायला, बघून झालं गटार. असू दे. पुढच्या मोठ्या पावसात मला फोन करा. घरात आलं नाही, तर पुढचं बोलू. आलं, तर नाही. आणि खरं सांगायचं.”

मुलगा म्हणाला, “हो.” त्याचा त्या दिवसातला तो पहिला आणि एकमेव संवाद.

जे काम इंजिनियरच्या सल्ल्याने झालं नव्हतं ते या अटीने झालं. आता प्रत्येक पाइपामागे एक प्रश्न उभा होता, की पोराचं लग्न तुमच्यामुळे मोडायचं का? कोणाची छाती होती नाही म्हणायची? पाइप कापले गेले. गच्च्यांचं पाणी कडेच्या उघड्या गटारातून नाल्याकडे वळवलं. चेंबरच्या भोकवाल्या झाकणांच्या जागी बंद झाकणं बसली, आणि दोन बुटक्या चेंबरांना वर कठडा बांधला. अध्यक्षांनी स्वतःचा पाइप रेनकोट घालून एकट्याने कापला आणि सांगितलं की पाहणी करत होतो.

वहिनी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. शहाळी बंद झाली. मी समोर आलो की त्या दाराला टेकण म्हणून ठेवलेला दगड उगीच इकडचा तिकडे करायच्या. बऱ्याच दिवसांनी एकदा दगड हातात असतानाच म्हणाल्या, “भावजी, तुमी बिलीचिंग घेऊन यायचात ना, तवा मी रोज देवाजवळ तुमच्यासाटी मागायची.”

दगड धरायला मी पुढे झालो, तर त्यांनी तो पलीकडे ठेवला.

“आता देवाला सांगितला. म्हटला, आदीचा सगळा क्यान्सल.”

“बरं केलंत,” मी म्हणालो. मला खरंच तसं वाटलं.

“बरं काय केला? तुमची बायको त्यात हाय ना! तिचा पण क्यान्सल झाला. आता तिच्यापुरता परत मागायला लागतो.”

बायकोचं म्हणणं वेगळं होतं. आमचा ओटा आता पुन्हा पाण्याखाली जाऊ लागला होता. ती म्हणाली, “खरं बोलायचं होतं तर उन्हाळ्यात बोलायचं. आधी पाणी काढायची सोय करून मग बोलायचं.” यात तथ्य आहे.

मोठा पाऊस गणपतीनंतर आला. दुपारीच असं अंधारून आलं, की नाल्याचा आवाज वरच्या घरांपर्यंत यायला लागला. कोणी बोलावलं नाही, पण एकेक करून सगळे वहिनींच्या घरी जमले. गमबूट कोणी घातले नव्हते. ते अपशकुनाचं वाटलं असतं. बाथरूमचं दार सताड उघडं ठेवलं आणि माणसं आत, दारात, पॅसेजमध्ये दाटीवाटीने जाळीकडे बघत उभी राहिली. वहिनींनी जाळीला हळद-कुंकू वाहिलं होतं. अध्यक्ष कुजबुजत होते, “बोलू नका, बोलू नका,” जशी काही ती जाळी झोपलेली होती.

मी दारातच थांबलो होतो. वहिनी म्हणाल्या, “आत या. तुमी नसाल तर काय मजा!” ते प्रेमाने म्हटलं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

पाऊस वाढला. जाळी कोरडी. आणखी वाढला. जाळी कोरडी. मुलाने फोन लावला, आवाज मोठा केला. पलीकडून ती म्हणाली, “बोला.”

तेवढ्यात जाळीखाली काहीतरी हललं. एक घोट. जाळीच्या मधल्या भोकातून एक बुडबुडा वर आला, गोल, मोठा, कुंकवाचा कण डोक्यावर घेऊन. थोडा वेळ तो तिथेच बसला. मग फुटला. त्याच्यामागे काही आलं नाही.

मुलगा घामाघूम. अध्यक्षांनी ‘सांगू नको’ म्हणून जोरजोरात हात हलवले. वहिनींनी तोंडावर पदर धरला. मुलाने सगळ्यांना सोडून माझ्याकडे पाहिलं. सल्ला मागायला त्या घरात माझ्याइतका नालायक माणूस दुसरा नव्हता, पण त्याने माझ्याकडेच पाहिलं. मी मान हलवली. या वेळी ती कशासाठी हलवली याबद्दल शंका नको म्हणून तोंडानेही म्हणालो, “सांग.”

“एक बुडबुडा आला,” तो फोनवर म्हणाला. “बाकी काही नाही.”

पावसाचा आवाज, त्यांच्याकडचा आणि आमच्याकडचा. मग ती हसायला लागली. आधी हळू, मग मोकळी, आणि मागे तिचे वडील “काय झाला? काय आला?” विचारतायत असं ऐकू येत होतं.

“बुडबुडा चालेल,” ती म्हणाली.